वाचनपीठावर उभे राहण्यापूर्वी : मराठी मिस्सेतील वाचकांसाठी

रविवारच्या मिस्सेत (कॅथलिक चर्चमधील मुख्य उपासनेत) पवित्र शास्त्रातील उतारा वाचण्यासाठी कोणी नाव दिले, की बहुधा त्याच्या हाती तारखांचा एक तक्ता पडतो आणि ‘आवाज मोठा ठेवा’ अशी एक सूचना मिळते. सूचना चुकीची नाही. पण ध्वनिक्षेपक असलेल्या चर्चमध्ये तिचा उपयोग सर्वांत कमी होतो. मी बरीच वर्षे वसईतील एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) वाचकसेवा करीत आले आहे आणि नव्या वाचकांची तयारीही करून घेते. त्या अनुभवातून जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते आधीच सांगते : ऐकणाऱ्याच्या हातात पुस्तक नसते. वाचकासमोर छापील ओळी असतात, त्याला मागे वळून पाहता येते, एखादा शब्द अडला तर तो पुन्हा न्याहाळता येतो. बाकावर बसलेल्या माणसाकडे मात्र केवळ आवाज पोहोचतो, आणि तोही एकदाच. वाचकाने घरी काय तयारी करावी, वाचनपीठावर कसे उभे राहावे, कोठे थांबावे, हे सारे या एका गोष्टीवरून ठरते.

ही सेवा आपल्या ख्रिस्ती उपासनेइतकीच जुनी आहे, किंबहुना तिच्याहूनही जुनी. नहेम्याच्या ग्रंथाच्या ८व्या अध्यायात एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, आणि लोकांना अर्थ कळावा म्हणून ते स्पष्ट वाचले गेले याची तेथे आवर्जून नोंद आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या ४थ्या अध्यायात प्रभू येशू नासरेथच्या सभास्थानात वाचण्यासाठी उभा राहतो, यशयाचा पट उलगडतो, वाचतो, पट गुंडाळून सेवकाच्या हाती देतो आणि मग खाली बसतो. नव्या वाचकांना हा उतारा मी आवर्जून वाचायला सांगते. ग्रंथ उघडण्यापासून तो परत देण्यापर्यंतची प्रत्येक कृती तेथे सावकाश आणि आदराने केलेली दिसते. दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये लिहिणाऱ्या संत जस्टिननेही रविवारच्या सभेत प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचले जातात, असे नमूद केले आहे.

मराठी कानांना शास्त्र ऐकवण्याची ओढ आपल्याकडेही नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले, ते ओवीत. आणि ओवी हा छंद मुळातच मोठ्याने म्हणण्याचा आहे. मिस्सेत मात्र वाचने लॅटिनमध्येच होत राहिली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसृत केला आणि लोकभाषेची वाट मोकळी झाली. चर्चमध्ये पवित्र शास्त्र वाचले जाते तेव्हा स्वतः ख्रिस्तच बोलत असतो, असे त्याच दस्तऐवजाच्या ७व्या परिच्छेदात म्हटले आहे. नव्या वाचकाला मी हे वाक्य समजावून सांगते आणि काही दिवस त्याच्या मनात राहू देते, कारण त्यामुळे दोन गोष्टी एकदम घडतात : हाती घेतलेल्या कामाचे मोल कळते, आणि ‘मी कशी वाचते’ ही स्वतःविषयीची धास्ती थोडी मागे सरते.

रीतसर विधी करून नेमलेला वाचक आणि तक्त्यानुसार वाचन करणारा स्वयंसेवक यांत फरक आहे. पोप पॉल सहावे यांनी १९७२मध्ये वाचकपदाची नवी रचना केली तेव्हा ते पद पुरुषांपुरतेच होते. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१मध्ये ते स्त्रियांनाही खुले केले. आपल्यापैकी बहुतेक जण दुसऱ्या प्रकारात मोडतात, आणि धर्मगुरूंनी किंवा उपासना समितीने नाव घेतले की त्यांची सेवा सुरू होते. तयारीची अपेक्षा मात्र दोघांकडूनही सारखीच असते.

आपले वाचन नेमके कोणते

ही पायरी क्षुल्लक वाटते, पण माझी स्वतःची सर्वांत मोठी चूक येथेच झाली. वाचनांच्या ग्रंथाला आपण लेक्शनरी म्हणतो. तिच्यात रविवारची वाचने ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ अशा तीन वर्षांच्या चक्रात मांडलेली आहेत. ‘अ’ वर्षी प्रामुख्याने मत्तय, ‘ब’ वर्षी मार्क आणि ‘क’ वर्षी लूक वाचला जातो. योहानाचे शुभवर्तमान विशेषतः पुनरुत्थानकाळात (ईस्टरपासूनच्या आठवड्यांत) आणि मार्कच्या वर्षी काही रविवारी येते. सामान्य काळात, म्हणजे आगमन, नाताळ, उपवास आणि पुनरुत्थान हे विशेष काळ सोडून उरलेल्या आठवड्यांत, सोमवार ते शनिवारच्या पहिल्या वाचनांचे चक्र दोन वर्षांचे असून सम आणि विषम सनांप्रमाणे ते बदलते. ओळखायची खूण सोपी आहे : ज्या इसवी सनाला ३ने निःशेष भाग जातो ते ‘क’ वर्ष. २०२५ हे ‘क’ वर्ष होते, म्हणून २०२६ हे ‘अ’ वर्ष. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की उपासनेचे वर्ष जानेवारीत नव्हे, तर नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते. एका डिसेंबरमध्ये मी आठवडाभर मनापासून तयारी केली ती मावळलेल्या वर्षाच्या वाचनाची, आणि ते मला कळले वाचनपीठावर उभी राहिल्यावर. त्या दिवशी मी जे वाचले ते केवळ अक्षरे जुळवून वाचले. तेव्हापासून मी सोमवारीच ग्रंथात पान पाहून खात्री करून घेते.

घरच्या बायबलवरून सराव करताना आणखी दोन अडचणी येऊ शकतात. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत आणि प्रोटेस्टंट परंपरेच्या आवृत्त्यांत ६६. तेव्हा वाचन ज्ञानग्रंथातून किंवा मक्काबींच्या पुस्तकातून असेल, तर ते घरच्या प्रतीत कदाचित सापडणारच नाही. वचनांचे क्रमांकही क्वचित पुढेमागे होतात, आणि भाषांतर वेगळे असेल तर शब्दही बदलतात. म्हणून अर्थ समजून घेण्यासाठी घरचे बायबल जरूर वापरावे. पण मोठ्याने वाचण्याचा सराव चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या मजकुरावरच करावा. त्या पानाचे छायाचित्र काढून ठेवले तरी पुरते.

आधी अर्थ, मग आवाज

प्रेषितांच्या कृत्यांच्या ८व्या अध्यायात रथात बसून यशया वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्याला फिलिप्प विचारतो, की आपण जे वाचत आहात ते आपल्याला समजते का. प्रत्येक वाचकाने सरावाला बसताना हा प्रश्न स्वतःला विचारावा. वाचकाला जे समजलेले नाही ते ऐकणाऱ्याला समजत नाही. वाचकाचा गोंधळ आवाजातून जसाच्या तसा शेवटच्या बाकापर्यंत जातो.

सामान्य काळात रविवारचे पहिले वाचन त्या दिवशीच्या शुभवर्तमानाशी जुळेल असे निवडलेले असते. त्यामुळे आपल्या वाट्याला पहिले वाचन आले असेल, तर शुभवर्तमान आधी वाचावे. कोणत्या वाक्यासाठी हा उतारा निवडला गेला हे लगेच उमगते. दुसरे वाचन बहुधा एखादे पत्र क्रमाने पुढे नेत असते, म्हणून त्याचा धागा मागील रविवारच्या वाचनात शोधावा. पुनरुत्थानकाळात पहिले वाचन जुन्या कराराऐवजी प्रेषितांच्या कृत्यांतून येते.

‘अ’ वर्षातील सामान्य काळाचा तिसरा रविवार उदाहरणादाखल घेऊ. पोप फ्रान्सिस यांनी २०१९मध्ये हाच रविवार देवाच्या शब्दाचा रविवार म्हणून नेमून दिला, तेव्हा वाचकांना तो जिव्हाळ्याचा वाटावा हे साहजिकच आहे. त्या दिवशीचे पहिले वाचन ग्रंथात यशया ८:२३–९:३ असे दिलेले असते. प्रचलित मराठी पवित्र शास्त्रात तोच मजकूर ९:१–४ असा आहे. वाचनाच्या आरंभीच जबुलून आणि नफताली ही नावे येतात. ही इस्राएलच्या उत्तरेकडील वंशांची भूमी. अश्शूरच्या स्वारीत तिच्यावर घाला पडला आणि तेथील लोकांना बंदिवान करून नेण्यात आले. हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या तोंडून ‘अंधकारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला आहे’ हे वाक्य निराळेच उमटते. येथला अंधार म्हणजे पराभूत, लुटलेल्या, शत्रूच्या टाचेखालील मुलखाचा अंधार आहे. म्हणून ‘अंधकारात’ या शब्दानंतर क्षणभर थांबावे आणि ‘मोठा प्रकाश’ हे शब्द, आवाज न चढवता, सावकाश व मोकळे उच्चारावे. पुढे कापणीच्या वेळच्या आनंदाची उपमा येते. ज्यांनी आपल्या वाडीत भाताची कापणी पाहिली आहे, त्यांना या ओळीत काय भरावे हे शिकवावे लागत नाही. शेवटी मिद्यानाच्या दिवसाचा उल्लेख येतो. तो गिदोनाच्या विजयाचा आहे : शास्ते या पुस्तकाच्या ७व्या अध्यायात केवळ ३०० माणसे मडकी, मशाली आणि शिंगे घेऊन मोठ्या सैन्याला पळवून लावतात. हे माहीत नसलेला वाचक ‘मिद्यान’ हा शब्द घाईने उरकतो आणि शेवटचे वाक्य सपाट होते. माहीत असलेल्याचा आवाज तेथे आपोआप स्थिरावतो, कारण थोड्यांच्या हातून देवाने केलेली सुटका हाच त्या वाक्याचा गाभा आहे.

त्याच दिवशीचे दुसरे वाचन करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील आहे. मंडळीत गट पडले आहेत. कोणी म्हणतो मी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा, तर कोणी ख्रिस्ताचा. या चार घोषणा एका दमात वाचल्या तर ती नुसती यादी होते. प्रत्येकीनंतर लहानसा विराम दिला, की चार कोपऱ्यांतून चार माणसे बोलत आहेत असे ऐकणाऱ्याला जाणवते, आणि पौलाचे पुढचे प्रश्न नेमके लागतात. हे साधण्यासाठी चार वेगवेगळे आवाज काढण्याची गरज नाही. विरामच पुरेसा आहे.

मराठी वाक्याची जात

परदेशी भाषांतील वाचकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिका आपल्याकडे अनेकदा जशाच्या तशा वापरल्या जातात. त्यांतून सुटणारी एक गोष्ट येथे सविस्तर सांगते, कारण मराठी वाचनातील निम्म्याहून अधिक दोष मला तेथेच आढळले आहेत. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. नकार शेवटी येतो. प्रश्नही पुष्कळदा ‘काय’ या शब्दाने शेवटीच उघड होतो. आणि आपला श्वास व आवाज नेमका वाक्याच्या शेवटीच खाली पडतो. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ या ओळीतील ‘नाही’ गिळला गेला, तर २३व्या स्तोत्राचा अर्थच उलटतो. मी नवखी असताना मिस्सेनंतर शेवटच्या बाकावरच्या एक वृद्ध बाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “बाय, चांगलं वाचलंस, पण दर वाक्याचं शेपूट काय ते मला ऐकू आलं नाही.” तोवर मला कोणीही हे सांगितले नव्हते. त्या दिवसापासून मी सरावाच्या पानावर प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढते आणि त्या रेघेपर्यंत पुरेल एवढा श्वास राखून ठेवते.

प्रश्नार्थक वाक्ये आधीच हेरून ठेवावी लागतात, कारण ‘काय’ दिसेपर्यंत वाक्य विधान म्हणून वाचले गेलेले असते. करिंथकरांच्या त्याच उताऱ्यात, ख्रिस्ताचे विभाग झाले आहेत काय, असे पौल विचारतो. वाचकाला शेवट माहीत असेल, तर पहिल्या शब्दापासूनच सूर प्रश्नाचा लागतो. ‘जो… तो’, ‘जसे… तसे’, ‘जर… तर’ अशा जोडवाक्यांतही हीच काळजी घ्यावी : पहिल्या भागाच्या शेवटी आवाज किंचित वर, टांगलेला ठेवावा, आणि दुसऱ्या भागात तो खाली उतरवावा, म्हणजे दोन्ही भाग एकमेकांचे आहेत हे कानाला कळते.

पौलाच्या पत्रांतील लांब वाक्यांचा प्रश्न निराळा आहे. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील ३ ते १४ ही वचने मूळ ग्रीकमध्ये मिळून एकच वाक्य आहे. मराठी भाषांतरात त्याचे तुकडे केलेले असले तरी तेही लांबच असतात. अशा वाक्यात आधी कर्ता आणि क्रियापद शोधून त्यांवर खूण करावी. मधली विशेषणे आणि पोटवाक्ये थोड्या हलक्या आवाजात न्यावी, आणि कर्त्यावर व क्रियापदावर वजन ठेवावे. श्वास कोठे घ्यायचा हेही पेन्सिलीने आधीच नोंदवावे. स्वल्पविराम डोळ्यांसाठी छापलेला असतो. प्रत्येक स्वल्पविरामाशी थांबण्याची गरज नसते, आणि जेथे स्वल्पविराम नाही तेथेही कधी कधी थांबावे लागते.

आदरार्थी बहुवचनाचाही एक मुद्दा आहे. काही भाषांतरांत ‘येशू म्हणाला’ असते, काहींत ‘येशू म्हणाले’. भक्तिभावाने वाचक नकळत एकवचनाचे बहुवचन करतो, आणि मग त्याच वाक्यातील पुढची क्रियापदे विजोड होतात. प्रभूला ‘तू’ म्हणणे हा आपल्या प्रार्थनेचा आणि अभंगांचाही जुना जिव्हाळा आहे. त्यात अनादर नाही. तेव्हा जे छापले आहे तेच वाचावे.

उच्चार आणि नावे

वसईत आपण घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलतो, मुंबईत कोणी ईस्ट इंडियन बोली बोलतो, आणि वाचनपीठावर सर्वांसमोर प्रमाण मराठी येते. बोलीची लकब आवाजात राहिली तर मला ती खटकत नाही, आणि तिच्यावरून कोणा वाचकाला लाजवणे मला मुळीच मान्य नाही. मात्र जेथे उच्चार बदलल्याने शब्दच बदलतो तेथे मेहनत घ्यावी : ‘बाळ’ आणि ‘बाल’, ‘मन’ आणि ‘मण’, ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील भेद स्पष्ट ऐकू आला पाहिजे. जोडाक्षरे सावकाश फोडून सराव करावा. ‘पुनरुत्थान’, ‘मध्यस्थी’, ‘नीतिमत्त्व’ हे शब्द घाईत हमखास तुटतात.

व्यक्तींची आणि गावांची नावे हा बहुतेकांच्या भीतीचा विषय असतो. नबुखद्नेस्सर, मलकीसदेक, हबक्कूक, थेस्सलनीका ही नावे दोन-दोन अक्षरांच्या तुकड्यांत पाच-सहा वेळा म्हटली, की जीभ वळते. पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रेषितांच्या कृत्यांच्या २ऱ्या अध्यायात पार्थी, मेदी, एलामी यांपासून क्रेतीय आणि अरब यांच्यापर्यंत लांबलचक नामावळी येते. ती ज्याच्या वाट्याला येईल त्याने ती आठवडाभर रोज म्हणावी, आणि प्रत्येक नावामागे दूरदेशीची जिवंत माणसे आहेत हे ध्यानात ठेवावे, कारण साऱ्या भाषांच्या माणसांना आपापल्या भाषेत ऐकू आले हाच त्या वाचनाचा आनंद आहे. नाव भाषांतरागणिक थोडे बदलते. शंका असेल तर धर्मगुरूंना आधी विचारावे. वाचताना जो उच्चार ठरवला असेल तो ठामपणे करावा. नावाशी अडखळणारा वाचक ऐकणाऱ्याचे लक्ष नावाकडे ओढून घेतो. थोडे चुकलेले पण सहज उच्चारलेले नाव कोणाला अडवत नाही.

त्या दिवशी

मिस्सेच्या किमान १५ मिनिटे आधी पोहोचावे. ग्रंथ वाचनपीठावर आहे का, फीत योग्य पानावर आहे का, पाने एकमेकांना चिकटलेली नाहीत ना, हे स्वतः पाहावे. चष्मा लागत असेल तर तो खिशात नव्हे, डोळ्यांवर असावा. माइक तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर आणि हनुवटीच्या किंचित खाली असला, की आवाज स्वच्छ येतो आणि चेहराही दिसतो. उंच छताच्या जुन्या चर्चमध्ये आवाज घुमतो. तेथे मोठ्याने वाचल्याने फायदा होत नाही, शब्दांमध्ये अंतर ठेवल्याने होतो. वाचन मोबाइलवरून किंवा सुट्या कागदावरून करू नये. सोयीचे असले तरी ते टाळावे, कारण ग्रंथ हीच तेथे खूण आहे, आणि हातातला चुरगळलेला कागद ती खूण पुसून टाकतो.

आपली वेळ आली, की घाई न करता चालावे, वेदीला नमन करावे, ग्रंथावर हात ठेवावा आणि बाकांची कुरकुर थांबेपर्यंत गप्प उभे राहावे. हा काही क्षणांचा विराम नवख्या वाचकाला फार मोठा वाटतो; ऐकणाऱ्याला तो हवा असतो. ‘पहिले वाचन’ हे शीर्षक, त्याखालची विषय सांगणारी ओळ आणि वचनांचे आकडे वाचायचे नसतात. आरंभ ‘यशयाच्या ग्रंथातून घेतलेले वाचन’ अशा घोषणेने होतो. प्रोटेस्टंट मंडळ्यांत रीत वेगळी आहे. तेथे पुष्कळ लोक बायबल घेऊन येतात, म्हणून शास्त्रपाठ वाचणारा पुस्तक, अध्याय आणि वचने सांगून लोकांना ती काढायला अवधी देतो. शेवटचे वाक्य संपले की मनात तीन आकडे मोजावे आणि मगच समाप्तीची घोषणा आपल्या ग्रंथात जशी छापलेली असेल तशीच करावी. ती वाचनाला चिकटली, तर उताऱ्याचाच भाग वाटते.

दर ओळीगणिक मान वर करून लोकांकडे पाहण्याची सवय काही जण लावून घेतात. मला ती कृत्रिम वाटते. आरंभी, शेवटी आणि मध्ये जेथे वाक्य थेट श्रोत्यांना उद्देशून आहे तेथे पाहिले तरी पुरे. अभिनयही नको. यिर्मयाचा विलाप वाचताना वाचकाने रडवेला आवाज काढला, तर लोक यिर्मयाला विसरून वाचकाकडे पाहू लागतात. पण याचा अर्थ निर्विकार वाचावे असाही नाही. अर्थ मनात असला, तर जेवढा भाव हवा तेवढा आवाजात आपोआप येतो.

चूक झाली तर ‘सॉरी’ म्हणू नये. शब्द किरकोळ चुकला आणि अर्थ बदलला नसेल, तर पुढे जावे. अर्थ बदलला असेल, विशेषतः नकार सुटला असेल, तर क्षणभर थांबून ते वाक्य पहिल्यापासून शांतपणे पुन्हा वाचावे.

प्रतिसाद-स्तोत्र शक्यतो गायले जावे. ते वाचायचे असेल, तर लोकांचा प्रतिसाद पहिल्यांदा सावकाश व स्पष्ट म्हणावा, कारण तो त्यांना ऐकूनच पाठ करायचा असतो. दर कडव्याच्या शेवटी आवाज उतरवून त्यांना इशारा द्यावा, ‘प्रतिसाद’ असे म्हणण्याची गरज नाही. शुभवर्तमान वाचणे हे मिस्सेत धर्मगुरूंचे किंवा उपदीक्षितांचे (डीकनचे) काम आहे.

मोठे दिवस

पास्काच्या (ईस्टरच्या) जागरणविधीत जुन्या करारातील सात वाचने नेमलेली असतात. काही कमी करता येतात, पण तांबड्या समुद्रातून पार होण्याचे, निर्गम १४व्या अध्यायातील वाचन कधीही वगळले जात नाही. चर्चमधील उजेड त्या रात्री मंद असू शकतो, म्हणून वाचनपीठावर ग्रंथापुरता दिवा आहे का हे आदल्या दिवशीच पाहावे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात ‘संध्याकाळ झाली व सकाळ झाली’ हे पालुपद दर दिवसाच्या शेवटी येते. ते प्रत्येक वेळी एकाच लयीत वाचले, की लोक त्याची वाट पाहू लागतात आणि लांब वाचन लांब वाटत नाही. झावळ्यांच्या रविवारी आणि शुभ शुक्रवारी प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तान्त निरनिराळ्या वाचकांत वाटून वाचला जातो, त्यात ख्रिस्ताचे शब्द शक्यतो धर्मगुरू वाचतात. येथे एकत्र तालीम अनिवार्य आहे : कोणाचे वाक्य कोठे संपते हे सर्वांना ठाऊक नसेल, तर अत्यंत गंभीर क्षणी नको ती शांतता पडते. निवेदकाने आपला वेग इतरांवर लादू नये, आणि प्रभूच्या मृत्यूच्या उल्लेखानंतर सर्व जण गुडघे टेकतात तेव्हा ग्रंथावरून नजर काढून त्यांच्याबरोबर गुडघे टेकावे.

लग्नात आणि अंत्यविधीत वाचन करण्यासाठी कुटुंबीय बहुधा घरच्याच कोणाला पुढे करतात, आणि ते योग्यही आहे. अशा वेळी धर्मग्रामाच्या वाचकाचे काम मदतनिसाचे असते. वाचन आदल्या दिवशी त्यांच्या हाती द्यावे, एकदा त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि माइक त्यांच्या उंचीला लावून द्यावा. अंत्यविधीत मुलगा किंवा नात वाचायला उभी राहते तेव्हा कंठ दाटून येणे स्वाभाविक आहे. त्यांना आधीच सांगून ठेवावे, की थांबावेसे वाटले तर थांबा, पाणी प्या, पुढचे आम्ही वाचू. मग तोच उतारा काढलेली दुसरी प्रत हाती घेऊन पहिल्या बाकाच्या कडेला बसावे, त्यांच्याबरोबर बोट ओळीवरून सरकवत राहावे, आणि त्यांनी मान हलवून खूण केली तरच उठून, त्यांच्या शेजारी उभे राहून, जेथे त्यांचा आवाज थांबला त्या वाक्यापासून पुढे वाचावे.